मदत हवी आहे: जुना सी प्रोग्राम नव्या जीसीसीवर बिल्ड होत नाहीये

नमस्कार मंडळी,

भूजलावर एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय आणि चार दिवस झाले एका बिल्डपाशी अडकलेय. आमच्या सरांनी (आता रिटायर झालेत) २००४ च्या सुमाराला सी मध्ये एक प्रोग्राम लिहिलाय, विहिरीवर पंप चालवून पाणी किती वेळात किती खाली गेलं ते आकडे भरायचे, मग तो थाइसच्या समीकरणावरून खडकातून पाणी किती सहज वाहतं ते काढून देतो. अकरा सोर्स फाइली, एक हेडर, मेक मारलं की झालं. लॅबमधल्या उबुंटू १८.०४ वर (सी चा कंपायलर जीसीसी ७) आजही व्यवस्थित बिल्ड होतो. माझ्या लॅपटॉपवर फेडोरा ४२ आहे, त्यात जीसीसी १५, आणि तिथे कोडचं एक अक्षर न बदलता या एरर येतायत:

हेडरमध्ये सरांनी टाइपडेफ करून इंटला (पूर्णांकाच्या प्रकाराला) बूल नाव दिलंय, तिथे म्हणतो बूल असं टाइपडेफने डिफाइन करता येणार नाही. एका ठिकाणी फंक्शन पॉइंटरमधून दोन आर्ग्युमेंट पाठवलेत, तिथे टू मेनी आर्ग्युमेंट्स. आणि तीन ठिकाणी इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन.

मेक क्लीन करून पाहिलं, जीसीसी काढून परत टाकला, काही फरक नाही. मैत्रीण म्हणाली -एफपर्मिसिव्ह लाव, त्याने तिसऱ्या प्रकारच्या एरर गेल्या पण बाकीच्या तशाच. शिवाय हे आकडे माझ्या प्रबंधात जाणारेत, त्यामुळे नुसतं गप्प करून पुढे जायची भीती वाटते. कुणी नीट समजावेल का?

उत्तर १

तुमचा लॅपटॉप ठीक आहे, जीसीसी परत टाकून काही होणार नाही. कंपायलरचे डिफॉल्ट बदललेत. २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने सी साठी सी२३ स्टँडर्ड (भाषेचे नवे नियम) डिफॉल्ट केलं. त्यात बूल हा भाषेचाच कीवर्ड झाला, म्हणून टाइपडेफ चालत नाही. आणि फंक्शनपुढचा रिकामा कंस, त्याचा पूर्वी अर्थ होता "आर्ग्युमेंट किती ते सांगत नाही", आता अर्थ आहे "एकही नाही". म्हणून दोन पाठवले की ओरडतो. मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्जला (कंपायलरला द्यायच्या ऑप्शनच्या ओळीला) -एसटीडी=जीएनयू११ जोडा, पहिल्या दोन्ही जातील.

तिसरी मात्र फ्लॅगने घालवू नका, तुमची भीती बरोबर आहे. ती जीसीसी १४ पासून (२०२४) वॉर्निंगची एरर झाली, आणि चांगलंच झालं. फंक्शन आधी सांगितलेलं नसेल तर कंपायलर धरून चालतो की ते इंट परत देतं. खरं फंक्शन डबल (दशांश संख्या) देत असेल तर हातात कचरा येतो आणि प्रोग्राम काही न बोलता पुढे जातो. तिन्ही फंक्शनचे प्रोटोटाइप (काय घेतं आणि काय परत देतं ते सांगणारी ओळ) हेडरमध्ये लिहा. आणि बघा बरं, मेकफाइलमध्ये छोट्या लिपीतला -डब्ल्यू (सगळ्या वॉर्निंग लपवणारा) आहे का?

धागाकर्ती

आहे हो! म्हणजे इतकी वर्षं लॅबमध्ये वॉर्निंग दिसतच नव्हत्या. तो काढला, प्रोटोटाइप लिहिले, अकराही फाइली कंपाइल झाल्या. पण आता लिंक करताना (सगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनवताना) मल्टिपल डेफिनिशन, फर्स्ट डिफाइन्ड हिअर, अशा ढीगभर ओळी, सगळी ग्लोबल व्हेरिएबलची नावं.

उत्तर २

हेडरमध्ये व्हेरिएबल एक्स्टर्न ("हे दुसरीकडे बनवलंय" सांगणारा शब्द) न लावता लिहिलेत ना? तो हेडर अकरा ठिकाणी इन्क्लूड होतो, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल अकरा वेळा बनतं. पूर्वी लिंकर ती सगळी एकत्र करून एकच जागा द्यायचा, जीसीसी १० पासून (२०२०) -एफनो-कॉमन डिफॉल्ट आहे, त्यामुळे आता नाही करत. -एफकॉमन लावलंत तर आत्ता लगेच बिल्ड होईल, पण अर्ध्या तासाचं काम आहे, नीटच करा: हेडरमध्ये प्रत्येकापुढे एक्स्टर्न लिहा आणि मूळ ओळी फक्त मेनच्या फाइलीत ठेवा. मग जुन्या मशीनवरचा आणि नवा आउटपुट एकाच डेटावर डिफ करून (ओळीओळीने ताडून) बघा, ही पायरी गाळू नका.

धागाकर्ती

झालं बिल्ड! दोघांचे मनापासून आभार. डिफ केला, नेहमीच्या पद्धतीने चालवल्यावर सगळे आकडे तंतोतंत तेच. पण वरखालच्या थरांतून होणारी गळती धरायचा एक ऑप्शन आहे, तो चालू केला की जुन्या मशीनवर बेताल आकडे येतात आणि नव्यावर पटण्यासारखे. त्या तीन फंक्शनपैकी दोन इंटच देतात, गळतीचं तेवढं डबल देतं, ते तिथे फसलं होतं. लॅबमध्ये तो ऑप्शन कुणी वापरत नाही, म्हणून लक्षात आलं नसावं. बदललेला कोड लॅबच्या उबुंटूवरही बिल्ड करून पाहिला, तिथेही आता नव्यासारखेच आकडे येतायत. संध्याकाळी सरांना फोन करून सांगते.