खतौलीच्या साखर कारखान्यातले लष्करी इंजिन इंग्लंडमध्ये अजून कसे चालते?

होटगीरोडवाला (प्रश्न)

नमस्कार. गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडला गेलो असताना त्याने मला लेटन बझर्ड येथील दोन फुटी (रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेल्या) रेल्वेवर नेले. तिथे ७७८ क्रमांकाचे एक छोटे बाल्डविन इंजिन गाडीला जोडलेले होते. ते पहिल्या महायुद्धासाठी बांधले गेले, पुढे उत्तर प्रदेशातल्या खतौलीच्या साखर कारखान्यात राबले आणि १९८० च्या दशकात इंग्लंडला ‘परत’ आले, असे तिथल्या स्वयंसेवकाने सांगितले. माझे वडील होटगीच्या मीटरगेजवर खलाशी होते, त्यामुळे कोळशाच्या धुराचा वास आला तसा मी तासभर जागचा हललो नाही. मुलगा कंटाळून चहा प्यायला निघून गेला.

सैन्यासाठी घाईने बांधलेले इंजिन शंभर वर्षे टिकते कसे, साखर कारखान्यात ते इतकी वर्षे कसे तगले, आणि एवढ्या दुरुस्त्यांनंतर त्याला मूळचे इंजिन म्हणावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बार्शी_टाऊन

आधी ‘परत’ या शब्दाबद्दल. हे इंजिन अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात तयार झाले, तेव्हा परत जायचेच असते तर त्याला अटलांटिक ओलांडावा लागला असता. १९१६ साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत रस्त्यांचा चिखल झाला आणि लॉऱ्या व घोड्यांच्या भरवशावर तोफगोळे पुढे पोचेनात. पुढे एरिक गेडिस यांच्याकडे ब्रिटिश सैन्याच्या वाहतुकीची सूत्रे आल्यावर ६० सेंटिमीटर अंतरावर टाकलेल्या हलक्या रुळांचे जाळे वेगाने पसरले. ब्रिटनमधले कारखाने दारूगोळ्याच्या कामात अडकलेले होते, म्हणून मागणी बाल्डविनकडे गेली आणि त्यांनी १९१६ च्या उत्तरार्धापासून १९१७ च्या पूर्वार्धापर्यंत ४९५ इंजिने बांधून दिली.

वजन सुमारे साडेचौदा टन, पुढे चार लहान चाके, त्यामागे एकमेकांना जोडलेली सहा चाके, आणि त्यांच्या मागे आधाराला एकही चाक नाही. खरी मेख इथेच होती, कारण घाईत टाकलेल्या वाकड्यातिकड्या रुळांवर हे उंच बांध्याचे इंजिन उलटे चालवले की मागची बाजू डोलत असे आणि ते घसरत असे. आपल्या बार्शी लाइट या छोट्या रेल्वेसाठी तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी किटसन कंपनीकडून घेतलेली इंजिने पाहिली तर फरक लगेच कळतो. जोडलेल्या आठ चाकांच्या मागे चार चाकांची बोगी होती आणि एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा कॅलथ्रॉप यांचा कटाक्ष होता. ती लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, म्हणजे युद्धाच्या बरीच आधी. मात्र बार्शीचा गेज, म्हणजे दोन रुळांतले अंतर, तेव्हा ७६ सेंटिमीटरचा होता, त्यामुळे ‘हे इंजिन कुर्डुवाडीलाही आले असेल’ असे जे अधूनमधून ऐकू येते ते शक्य नाही.

आघाडीच्या अगदी जवळ मात्र वाफेचे इंजिन नेत नसत. दिवसा धूर आणि रात्री भट्टीचा उजेड शत्रूच्या तोफांना नेमके ठिकाण दाखवत असे, म्हणून शेवटच्या टप्प्यात पेट्रोलचे ट्रॅक्टर वापरत. युद्ध संपल्यावर उरलेल्या इंजिनांपैकी काही हिंदुस्थानात आली.

गिरणी_बॉयलर

मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत बॉयलरवर नोकरी केली, त्यामुळे रुळांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, बॉयलरविषयी आहे.

या इंजिनांना लांब नळी लावून ओढ्यातले, प्रसंगी तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांतलेही पाणी उपसून घेण्याची सोय होती, हे वाचले तेव्हा मी कपाळाला हात लावला. आमच्या बोअरच्या जड पाण्यानेसुद्धा बॉयलरमधल्या ट्यूबवर (धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांवर) बोटाच्या नखाएवढा क्षाराचा थर बसत असे. खाली गाळ साचला की त्या जागी पत्र्याला पाणी लागत नाही, पत्रा तापतो आणि फुगतो. म्हणून बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून, प्लग काढून, आतून धुवावाच लागतो. फायरबॉक्सचे, म्हणजे भट्टीच्या पेटीचे, आतले व बाहेरचे पत्रे जोडणारे शेकडो स्टे (आधाराचे बोल्ट) असतात. त्यांतला एखादा तुटला की नाही हे आमचे मिस्त्री हातोडीने हलके ठोकून आवाजावरून सांगत. चांगला स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. मला हे कळायला चार वर्षे लागली आणि तोवर मी मान डोलावून वेळ मारून नेत असे.

साखर कारखान्यात इंजिन टिकण्याचे कारण माझ्या मते साधे आहे. गळिताचा हंगाम पाचसहा महिन्यांचा, पुढे पावसाळाभर इंजिन थंड. शिवाय कारखान्याला स्वतःच्या यंत्रांसाठी लेथ आणि फिटर ठेवावेच लागतात, त्यामुळे एखादे बुश किंवा पिस्टन रिंग तिथल्या तिथे बनते. रेल्वेसारखे ‘नवे मॉडेल आले, जुने भंगारात’ असे धोरण तिथे नसते. चालते आहे तोवर चालू द्यायचे.

मूळपणाबद्दल म्हणाल तर ट्यूब या झिजण्यासाठीच असतात. ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून पूर्ण तपासतात, तेव्हा त्या बदलाव्याच लागतात. माझ्यापुरते उत्तर असे की मुख्य चौकट तीच असेल तर इंजिन तेच.

मीटरगेज_गदग

वर सगळे कौतुक चालले आहे, पण आपल्याकडची वस्तू परदेशी गेली याचे दुःख कोणालाच दिसत नाही का? मी स्वतः एका आवारात चौथऱ्यावर उभे केलेले वाफेचे इंजिन पाहिले आहे. वरून चकचकीत ऑइलपेंट आणि धुराड्याखालच्या स्मोकबॉक्सला मूठ जाईल एवढे भोक, कारण पावसाचे पाणी वरून आत जाते आणि राखेत मुरते. नावाची पाटी मात्र नवीकोरी होती!

बार्शी_टाऊन

आपला राग समजतो. तरी हरियाणातल्या रेवाडीचे ‘विराट’ विसरू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाल्डविननेच १९४३ मध्ये बांधलेले, २२९०७ क्रमांकाचे ते ब्रॉडगेज इंजिन याच देशात राहिले आणि दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर धावले. इंजिन कोणत्या देशात आहे यापेक्षा धुराड्यावर झाकण ठेवणारा माणूस तिथे आहे की नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

होटगीरोडवाला

सर्वांचे आभार. गिरणी_बॉयलर काका, पुढच्या खेपेला गेलो तर नेमके काय पाहू?

गिरणी_बॉयलर

सकाळी भट्टी पेटवण्याआधी पोचा. गेज ग्लासचे (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीचे) कॉक उघडून पाणी खरोखर वरखाली होते का, हे ड्रायव्हर आधी तपासतो की थेट फडक्याने पितळ पुसायला लागतो, तेवढे बघून या आणि इथे लिहा.