सिकलसेलचं कार्ड फक्त मुलीचंच का मागता?

वैनगंगाकाठ:
आमच्या भागातल्या एका वधूवर गटावर काल पोस्ट आली: "सिकलसेलवाल्या घरात सोयरीक करू नये, पिढ्या नासतात. मुलीच्या बायोडाटासोबत सिकलसेल कार्ड पाठवणे बंधनकारक." खाली 'सहमत', 'सहमत'ची रांग. तिथे लिहिलेलं उत्तर उडवलं, म्हणून इथे लिहितेय.

सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आणि कार्डावर असतो त्याच्या तपासणीचा निकाल. एए म्हणजे सदोष जनुक नाहीच. एएस म्हणजे एकाच पालकाकडून ते आलेलं, म्हणजे वाहक. एसएस म्हणजे दोघांकडून आलेलं, म्हणजे रुग्ण. एएस पॅटर्नचा माणूस आजारी नसतो. जोडीदार एए असेल तर त्यांचं एकही मूल एसएस होत नाही. दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. म्हणजे कार्ड बघायचं तर दोघांचं. मग फक्त मुलीचं का मागता? माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा तिच्या रिपोर्टवरून मोडला. मुलाने तपासणीच केली नव्हती. पुढे तिच्या धाकट्या बहिणीलाही स्थळं येईनात, आणि ती तर एए आहे!

अमेरिकेत 1970च्या दशकात घाईघाईने तपासण्या झाल्या. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने 1981पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. आपल्याकडे 2023च्या जुलैपासून केंद्राची निर्मूलन मोहीम चालू आहे, कोट्यवधी लोकांची तपासणी हा तिचा भाग आहे. कार्ड वाटताना समजावून सांगितलं नाही, तर घरोघरी वाळीत टाकायचा दाखला पोचेल.

पोराचा बाप, गडचिरोली:
ताई, वाळीत टाकणं हा शब्द सांभाळून वापरा. माझा मुलगा एसएस आहे. दुखणं उठलं की रात्रभर गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकतो, तरी पोरगं उशी दातात धरून रडतं. ऐन तारुण्यात खुब्याचं हाड गेलं. दुखणं कमी उठावं म्हणून द्यायचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध कधी मिळतं, कधी संपलेलं असतं. आम्ही दोघं नवराबायको एएस. लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर हे लग्न झालंच नसतं. लोक घाबरतात ते उगाच नाही.

वैनगंगाकाठ:
दादा, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण तुम्ही सांगताय ती दोन एएसची गोष्ट. ती पोस्ट अख्खं घरच बाद करते.

लॅबवाली:
त्यात अर्धे लोक पहिल्याच कागदावर थांबतात. शिबिरात बऱ्याचदा होते ती सोल्युबिलिटी नावाची झटपट चाचणी. रक्त टाकल्यावर नळी गढूळ होऊन मागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की 'पॉझिटिव्ह' लिहितात. एएस असो की एसएस, दोन्ही पॉझिटिव्हच येतात. फरक कळतो पुढच्या, प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत. तो रिपोर्ट येईपर्यंत गावभर 'सिकलवाली' झालेलं असतं. आणि ताई, जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असला तरी मुलाला आजार होऊ शकतो, तेही तपासायला सांगा.

स्पष्ट बोलतो:
ठरावीक समाजांचा आजार आहे हे बोलायला सगळे का कचरता? त्यांनी आपसात बघून घ्यावं.

सातपुड्याचा मास्तर:
मलेरिया जिथे पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे. नंदुरबारला भिल्ल-पावऱ्यांत आहे, तसं विदर्भात ओबीसींतही सापडतं. तुम्ही स्वतः तपासलंय का? नसेल तर 'त्यांनी' म्हणू नका.

झाडीपट्टीकर:
लग्नाचं राहू द्या बाजूले. माह्या भाच्याले दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चकरा माराले लावल्या. म्हणे, "हातपाय तं धड हायेत, अपंग कायचा?" 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल हाये का नाही?

नियम वाचणारा:
आहे, दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत आहे. पण नोकरीतलं 4 टक्के आरक्षण कलम 34चं, त्यात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. उच्च शिक्षणातलं 5 टक्के मिळतं, प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर.

झाडीपट्टीकर:
मंग नोकरीसाठी त्या कागदाचं का करू? महिन्यातून आठ दिवस खाटेवर असते पोरगा. खाजगीवाला ठेवत नाही, सरकार धरत नाही.

नियम वाचणारा:
नियम मी केलेला नाही. विचारलंत, सांगितलं.

लॅबवाली:
टक्केवारीचाही घोळच आहे. हे दुखणं येतं-जातं. टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर रुग्ण ज्या दिवशी उभा राहतो, त्या दिवशी तो चालत आलेला असतो.

स्पष्ट बोलतो:
सवलती हव्यात तेव्हा आजार मोठा, लग्नाच्या वेळी मात्र काहीच नाही?

वैनगंगाकाठ:
सवलत एसएसला, लग्नाचा प्रश्न एएसचा. इतकं लिहूनही तुम्ही दोघांना एकाच पोत्यात घालताय, ही त्या पोस्टचीच चूक!

पोराचा बाप, गडचिरोली:
मुलाचाही रिपोर्ट मागावा, एवढं मान्य. पण माझा पुतण्या एए आहे, तरी त्याला एएस मुलगी करायला माझं मन घेत नाही. जे बघितलंय ते बघितलंय.

सातपुड्याचा मास्तर:
तुमची स्वतःची मुलगी?

पोराचा बाप, गडचिरोली:
एएस. तिला नकार आलेत. मी त्या लोकांना दोष दिला नाही.

वैनगंगाकाठ:
मी देते. त्यांनी आपल्या मुलाची तपासणी केली होती का, एवढं तरी विचारलंत का त्यांना?