मान्यता आहे, अडलंय जागेवर
'शरीर हलत नाही म्हणून बुद्धिबळ ऑलिंपिकमध्ये नाही' असं म्हणतात, पण हा मुद्दा पटत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फिडेला (जागतिक बुद्धिबळ महासंघाला) १९९९ मध्येच मान्यता दिलीय. पण उन्हाळी ऑलिंपिकची खेळाडूसंख्या साधारण १०,५०० वर बांधलेली. नवा खेळ घ्यायचा तर कुणाच्या तरी वाट्यातून जागा काढावी लागते. आशियाई स्पर्धांत २००६ (दोहा), २०१० (ग्वांगझू) आणि २०२३ ला हांगझोमध्ये बुद्धिबळ होतं. २०१८ ला जकार्तात नव्हतं, पण ब्रिज हा पत्त्यांचा खेळ होता! म्हणजे बैठेपणा ही अडचण नाहीच.

मागायचं तर जलद प्रकारच मागावा. प्रत्येकी १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद धरले, तर ६० चालींचा डावसुद्धा ५० मिनिटांत संपतो. दिवसाला तीन फेऱ्या आरामात बसतात. क्लासिकलच्या (लांब वेळेच्या डावांच्या) एकेका फेरीला एक दिवस जातो, तिथेच गाडी अडते.