लेझरनंतर जबड्याच्या कडेला नवे केस येत आहेत: उपचार थांबवावा की पुढे चालू ठेवावा?

नमस्कार. चेहऱ्यावरील केस लेझरने काढण्याच्या उपचाराच्या एका दुष्परिणामाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. लेझर करावे की करू नये, या वादासाठी हा धागा नाही, ही विनंती आधीच करून ठेवते.

माझे वय ३४ वर्षे असून वर्ण सावळा आहे. पीसीओएसचे (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या असमतोलाच्या विकाराचे) निदान महाविद्यालयात असतानाच झाले होते आणि तेव्हापासून हनुवटीवर व गळ्यावर राठ केस येतात. थ्रेडिंगने ते तात्पुरते जात, पण त्वचेत आत वळलेल्या केसांच्या पुळ्या येत आणि त्या बसल्या की काळे डाग मागे राहत. म्हणून गेल्या हिवाळ्यात येथे नागपुरात एका खासगी क्लिनिकमध्ये डायोड लेझरचे पॅकेज घेतले. हनुवटीचे केस खरोखरच विरळ झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र आता कानाच्या खालून जबड्याच्या कडेने, जेथे पूर्वी फक्त लव होती आणि जेथे लेझर मारलेलाही नव्हता, तेथे लांब आणि काळसर केस दिसू लागले आहेत. क्लिनिकमध्ये विचारले असता, हे संप्रेरकांमुळे होत आहे, आता पॅकेज वाढवून पूर्ण चेहऱ्याचेच करून घ्या, असे उत्तर मिळाले. हे उत्तर चूकच आहे असे म्हणण्याइतके ज्ञान मला नाही, पण ते फार सोयीचे वाटले.

मला जे कळले आहे ते असे. लेझरचा प्रकाश केसातील मेलॅनिन शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि ती मुळाशी असलेल्या पेशींना इजा करते. हेच रंगद्रव्य त्वचेतही असल्यामुळे आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला भाजण्याचा, फोड येण्याचा आणि डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असतो. उपचारानंतर काही तास, फार तर दोन-तीन दिवस, केसांच्या मुळांभोवती लाली आणि किंचित सूज राहणे अपेक्षितच आहे. ते मलाही झाले आणि गेले. माझी अडचण वेगळी आहे. लेझरनंतर केस कमी होण्याऐवजी आजूबाजूला वाढण्याचा एक विरोधाभासी परिणाम वैद्यकीय लेखनात नोंदलेला आहे, तो मला लागू पडतो का, आणि पडत असेल तर पुढे काय करावे, हे समजून घ्यायचे आहे. उन्हाळा तोंडावर आला आहे आणि माझा रोजचा प्रवास स्कूटरवरून असतो, त्यामुळे स्कार्फ बांधूनही चेहऱ्याला ऊन लागतेच. अशा स्थितीत पुढची सिटिंग घ्यावी का, हाही प्रश्न आहे.

प्रतिसाद १

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरीही आपण केलेले वर्णन त्या विरोधाभासी वाढीशी जुळते. ही वाढ मुख्यतः चेहरा आणि मान येथेच दिसते, सावळ्या त्वचेच्या आणि संप्रेरकांचा असमतोल असलेल्या स्त्रियांमध्ये तुलनेने अधिक दिसते, आणि बरेचदा उपचार केलेल्या भागाच्या सीमेवर सुरू होते. वेगवेगळ्या अभ्यासांत तिचे प्रमाण ०.६ ते १० टक्के इतके भिन्न आढळते. नेमके कारण सिद्ध झालेले नाही. कडेच्या भागापर्यंत पोहोचणारी उष्णता मूळ नष्ट करण्यास अपुरी, पण सुप्त मुळांना जागे करण्यास पुरेशी ठरते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. भाजण्याच्या भीतीने सावळ्या त्वचेवर ऊर्जा फारच कमी ठेवली जाते, तेव्हा हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो.

म्हणून 'थांबवा' किंवा 'चालू ठेवा' असे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. क्लिनिककडून आधी लेखी घ्या: यंत्र कोणते, तरंगलांबी किती, प्रत्येक वेळी ऊर्जा किती वापरली, आणि यंत्र चालवणारी व्यक्ती कोण होती. डायोडची तरंगलांबी साधारण ८०० ते ८१० नॅनोमीटर असते, तर एनडी-याग या दुसऱ्या प्रकारच्या लेझरची १०६४. दुसऱ्याचा प्रकाश अधिक खोल जातो आणि वरच्या त्वचेतील मेलॅनिन तो कमी शोषते, म्हणून सावळ्या त्वचेसाठी तो सहसा अधिक सुरक्षित मानला जातो. मात्र बारीक लवेवर त्याचा परिणाम कमी होतो आणि तो दुखतोही अधिक. यंत्र बदलून पुरेशा ऊर्जेने नव्या केसांवरही उपचार करणे आणि त्या वेळी भोवतालची त्वचा थंड ठेवणे, हा मार्ग अनेक डॉक्टर निवडतात. तो कानाजवळच्या लहानशा जागेवर पॅच टेस्ट करूनच निवडावा. सावळ्या त्वचेवर डाग उशिरा उमटतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्वचा स्वच्छ दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. एक-दोन आठवडे वाट पाहिलेली बरी. पूर्ण चेहऱ्याचे पॅकेज मात्र आत्ता घेऊ नका. गालावरच्या लवेवर लेझर मारणे म्हणजे हीच अडचण आणखी मोठ्या भागावर ओढवून घेणे ठरू शकते.

क्लिनिकचे संप्रेरकांबद्दलचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पीसीओएस नियंत्रणात नसेल तर लवेचे राठ केसांत रूपांतर होतच राहते. टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइडच्या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून करून घ्याव्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही या यंत्रांना केस 'कायमचे कमी करण्यासाठी' मान्यता दिलेली आहे, समूळ नाहीसे करण्यासाठी नव्हे.

उन्हाबद्दल: त्वचा रापलेली असताना सिटिंग घेऊ नये. रापलेली त्वचा प्रकाश अधिक शोषते आणि भाजते. मे महिना टळला तर काही बिघडत नाही. तोवर केस उपटू नका, थ्रेडिंगही करू नका, कारण मुळाशी केसच नसेल तर लेझर मारायचा कशावर? रेझर किंवा कात्री चालेल. रेझरने केस दाट होतात, हा समज खरा नाही.

प्रतिसाद २

डॉक्टरांनी एनडी-याग दुखतो असे लिहिले आहे, म्हणून एक सूचना. बधिर करणारे क्रीम घरी स्वतःच्या मनाने जाडसर लावून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळू नका. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरपूर्वी पायांवर असे केले होते. दोघींना झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि पुढे दगावल्या. त्यानंतर २००७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. हनुवटीपुरते क्षेत्र लहान असते हे मान्य, परंतु प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. लेझर सुरू असताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असायलाच हवा, हेही जाता जाता सांगते.

मूळ धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. क्लिनिककडे नोंदी मागितल्या. यंत्र ८०८ नॅनोमीटरचे आहे एवढेच त्यांनी सांगितले. ऊर्जेची नोंद ठेवलेली नाही. पुढची वेळ रद्द केली आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. डॉक्टर, एक प्रश्न उरतो: पीसीओएससाठी औषध सुरू करावे लागले, तर त्याचा केसांवर परिणाम दिसेपर्यंत किती महिने थांबून मग पॅच टेस्ट करावी, की दोन्ही एकाच वेळी सुरू करता येते?

प्रतिसाद १ कडून

एकाच वेळी चालते. संप्रेरकांवरील औषधांचा केसांवर परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, तेवढे थांबण्याचे कारण नाही. फक्त कोणते औषध सुरू केले ते लेझर करणाऱ्यांना आधी सांगा, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, कारण यातील काही औषधे त्या काळात घेता येत नाहीत आणि लेझरही सहसा पुढे ढकलला जातो.