एका घरात दोन निकाल: अपील कुठे नि कसं?

नमस्कार मंडळी,
गेल्या आठवड्यात इथे इंग्लंडमध्ये आमच्याकडे दोन निकाल लागले, दोन्ही विरुद्ध. भाच्याला मॅजिस्ट्रेट कोर्टानं स्पीडिंगसाठी दोषी धरलं. त्यानं गुन्हा नाकबूल केला होता. गाडी मित्र चालवत होता, पण तो साक्षीला फिरकलाच नाही. आणि किचनच्या फरशा वर्षात उखडल्या म्हणून बिल्डरवर केलेला २,३०० पौंडांचा स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दिवाणी दावा, आम्ही हरलो. आता ह्यांच्या जुन्या फोनमध्ये फरशांचे फोटो सापडलेत! दोन्हीकडे अपील करून सगळं नव्यानं मांडावं म्हणतेय. कुणाला अनुभव?
– रेडिंगची ताई

ताई,
शब्द एकच असला तरी ही दोन अपिलं म्हणजे दोन वेगळे प्राणी आहेत.
भाच्याचं सोपं. मॅजिस्ट्रेटकडून क्राउन कोर्टात, म्हणजे वरच्या फौजदारी कोर्टात, जाणं हा आरोपीचा हक्क, परवानगी लागत नाही. मुदत शिक्षेपासून कामकाजाचे १५ दिवस. तिथे ज्युरी नसते. एक जज आणि बहुधा दोन मॅजिस्ट्रेट सगळी केस पहिल्यापासून ऐकतात. म्हणजे मित्राला या वेळी उभा करता येईल. मात्र हरलात तर शिक्षा वाढू शकते, शिवाय खर्च अंगावर पडतो.
फरशांचं तसं नाही. आपल्याकडे भारतात दिवाणी दाव्यात पहिलं अपील सहसा हक्काचं असतं, पुरावाही पुन्हा तपासला जातो. ती सवय इथे विसरा. आधी परवानगी, आणि तीसुद्धा सहसा यशाची खरीखुरी शक्यता दिसली तरच. डिस्ट्रिक्ट जजचा निकाल त्यांच्या वरचे सर्किट जज तपासतात, दावा नव्यानं चालवत नाहीत. निकाल चुकीचा होता, किंवा सुनावणीत गंभीर गफलत होऊन अन्याय झाला, हे दाखवावं लागतं. 'जजनं बिल्डरवर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही' एवढ्यानं भागत नाही. फॉर्म एन-१६४, मुदत २१ दिवस. ती निकालाच्या दिवसापासून मोजायची, कागद हातात पडल्यापासून नव्हे.
फोटोंची अडचण मोठी. नव्या पुराव्याबाबत १९५४च्या लॅड विरुद्ध मार्शल या खटल्यापासून पहिला प्रश्न हाच: नीट शोधलं असतं तर हा पुरावा तेव्हाच मिळाला नसता का?
– हॅरोकर (सॉलिसिटर, पण हा फुकटचा सल्ला)

मंडळी,
थोडं विषयांतर. ज्युरीनं दोषी ठरवलेल्यांसाठी इथे १९०७पर्यंत अपिलाचं कोर्टच नव्हतं! ॲडॉल्फ बेक नावाच्या माणसाला अनेक बायकांनी 'हाच तो भामटा' म्हणून ओळखलं, दोनदा दोषी ठरवलं, आणि मग खरा भामटा सापडला. त्या गदारोळानंतर कायदा झाला. आजही क्राउन कोर्टातल्या खटल्यावरून वर जायचं तर २८ दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि प्रश्न असतो: दोषसिद्धी 'अनसेफ', म्हणजे भरवसा ठेवण्याजोगी नसलेली, आहे का?
– लेस्टरचे काका

हॅरोकर, आभार. ह्यांना विचारलं. तो फोन सुनावणीच्या दिवशीही स्वयंपाकघरातल्याच ड्रॉवरमध्ये होता, उखडलेल्या फरशांपासून चार फुटांवर. भाच्याच्या मित्राला फोन लावतेय.
– ताई