देवणी गाईनं गाभ टाकला. आयबीआरवर निंबाचा काढा चालेल का?

प्रश्न (अहमदपूर, जि. लातूर): माझ्या देवणीनं दुसऱ्या वेताला सातव्या महिन्यात गाभ टाकला. रक्तात ब्रुसेला (गाभ पाडणारा जिवाणू) नाही, आयबीआर या विषाणूजन्य रोगाची प्रतिपिंडं निघाली. विषाणू हर्पिस कुळातला आहे म्हणे. गावातले जाणते म्हणतात, निंबाचा पाला उकळून पंधरा दिवस पाजा. प्रयोगशाळेत निंबानं हर्पिस मरतो असं मोबाईलवरही वाचलं. पाजू का? विकायचं मन होत नाही, आईनं वासरू असल्यापासून वाढवलीय.

उत्तर (पशुवैद्यक, परभणी): दादा, मरतो, पण कशात ते बघा. एम.व्ही.एस्सी.ला मी याच विषाणूवर निंब आणि अडुळशाचे अर्क तपासले. गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या, विषाणू सोडायचा, वर अर्क. पहिल्याच खेपेला विषाणू गायब! मला रात्रभर झोप नाही. मग सरांनी विषाणू न टाकता नुसता अर्क टाकायला लावला, तर पेशीच मेलेल्या. पेशी नाहीत तर विषाणू वाढणार कशात? म्हणून निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा, असं गुणोत्तर काढतात. ते दहाच्या वर गेलं तर पुढं जाण्यात अर्थ. माझा निंब तीनवर अडकला. मात्रा कमी करून अर्क आणि विषाणू आधीच एकत्र ठेवले तर परिणाम दिसायचा. विषाणू पेशीत शिरल्यावर अर्क टाकला की काहीच नाही. माणसाच्या नागिणीवरची असायक्लोव्हिरसुद्धा इथं फिकी पडते, कारण तिला चेतवायचं काम या विषाणूचं थायमिडिन कायनेज नावाचं एन्झाइम नीट करत नाही.

तुमच्या गाईत तर तो डोक्यातल्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो, जन्मभर. काढा आधी कोठीपोटात जाणार, तिथपर्यंत पोचणार कसा? वेताचा ताण, लांबचा प्रवास, स्टिरॉइड यांनी तो उठतो. डेक्सा या स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांना आयबीआरचं सांगाच. आणि एका नमुन्यावरून गाभ त्यानंच पडला असं ठरत नाही.

उत्तर (कंधार): भाऊ, गाय फळवली कुठं? आमच्या लाल कंधारीच्या वेळी डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. वळूच्या वीर्यातूनही येतो हा. आता आम्ही तपासलेल्या वळूच्याच वीर्याची कांडी भरतो (कृत्रिम रेतन).

प्रश्नकर्ता: गावातल्या वळूकडंच नेली होती ताई. घरच्या दोन कालवडीही त्याच्याकडंच नेल्या. त्यांचं रक्त तपासू का?

पशुवैद्यक, परभणी: तपासा, तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. तोवर तिघींना बाकीच्या जनावरांपासून वेगळं बांधा, पाण्याचं टाकंही वेगळं ठेवा.