मदत हवी आहे : सहा वर्षं एमपीएससी केली, आता खासगीत नोकरी शोधतोय. मधली वर्षं रेझ्युमेत कशी लिहू?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय २९, गाव धाराशिव जिल्ह्यात. २०१८ ला बीएस्सी केमिस्ट्री झालो, ६८ टक्के. निकाल लागला त्याच महिन्यात पुण्यात पेठेत आलो आणि कोविडमधले काही महिने सोडले तर २०२४ पर्यंत तिथेच. संयुक्त पूर्व तीनदा निघाली, एकदा पीएसआयच्या मैदानापर्यंत पोहोचलो, यादीत नाव साडेतीन मार्कांनी हुकलं. २०२३ ला तलाठीचा फॉर्म भरला. फी हजार रुपये, जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या शिफ्टच्या पेपरचे मार्क एका पातळीवर आणणं) होऊन २०० पैकी २१४ मार्क पडल्याची बातमी आली तेव्हा अख्खी अभ्यासिका हसली. नंतर बराच वेळ कुणी पान उलटलं नाही. पुढच्या वर्षीच्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांवर अर्ज. त्यात २०२५ पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक, म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत फॉर्म भरता येतो, तिथेच घोळ आहे. 'अजून वय आहे' म्हणत माणूस खुर्ची सोडत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे दादा ३६ चे. त्यांच्या उशीतला कापूस बाहेर आलाय, पण उशी तीच.

मी सोडली ती सोयाबीनमुळे. २०२३ चं पीक भाव वाढेल म्हणून वडिलांनी घरात ठेवलं होतं. हमीभाव ४,६०० होता, उन्हाळ्यात विकलं तेव्हा तेवढेही हातात आले नाहीत. मला कुणी काही बोललं नाही. फक्त मेसचे पैसे त्या महिन्यात आठ दिवस उशिरा आले. गाशा गुंडाळला.

गावी आल्यावर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पंचायत समितीत लागलो. पदवीधराला महिना १०,०००. मुदत सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवून दिली. घरकुलाच्या याद्या एक्सेलमध्ये भरायच्या, लाभार्थ्याच्या घरी जाऊन बांधकामाचे फोटो जिओटॅग करायचे, आवक-जावक बघायचं. खर्डेघाशीच. आता तेही संपलं.

गेल्या चार महिन्यांत ऑनलाइन १६० च्या वर अर्ज केले. फोन आले दोन. पहिला एका कन्सल्टन्सीचा, रजिस्ट्रेशनचे २,५०० घेतले आणि त्यानंतर नंबर बंद. (बोला काय बोलायचं ते.) दुसरा संभाजीनगरजवळ वाळूजला एका औषध कंपनीचा वॉक-इन, म्हणजे थेट मुलाखत. सकाळी आठला पोहोचलो तर रांग गेटच्या बाहेर. पाचेक तासांनी आत गेलो. एचआरच्या मॅडमनी रेझ्युमेवर २०१८ आणि २०२५ वर पेनाने गोल केला आणि विचारलं, मधे काय? मी घाबरून 'ट्यूशन घेत होतो' म्हणून ठोकून दिलं. शेजारच्या साहेबांनी विचारलं, नॉर्मॅलिटी म्हणजे काय? द्रावणाची तीव्रता मोजायचं केमिस्ट्रीतलं माप ते, पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात नॉर्मलायझेशनच आलं. दोन मिनिटांत बाहेर.

एक मित्र म्हणतोय, ३,००० रुपयांत दोन वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र मिळतं, घेऊन टाक. घ्यावं का? केमिस्ट्री विसरलोय म्हणून ती लाइन सोडून बॅकऑफिस वगैरे बघू का? गोव्यात वेर्णा भागात फार्मा कंपन्या आहेत, तिकडे जाऊन राहावं का? जाणकारांनी प्लीज सांगावं.

——

पिपेट :

भाऊ, औषध कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) १७ वर्षं झाली, आता इंटरव्ह्यूला टेबलाच्या पलीकडे बसतो. आधी ते प्रमाणपत्र डोक्यातून काढ. दोन वर्षं नोकरी केली म्हणालास की एचआर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागणार. पीएफ पासबुकात त्या कंपनीचा एकही हप्ता दिसला नाही तर तिथेच पितळ उघडं पडतं. आमच्याकडे एक मुलगा रुजू होऊन दीड महिन्याने असाच गेला. काम चांगलं करायचा, याचं जास्त वाईट वाटलं.

आता रेझ्युमे. ज्याला तू खर्डेघाशी म्हणतोस ते सगळ्यात वर टाक. किती गावं, किती घरकुलं, आकड्यांसकट. फार्मात निम्मं काम कागदाचंच असतं. नोंद चुकली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये दिसला तरी ऑडिटर धारेवर धरतो. सरकारी रजिस्टर ११ महिने सांभाळलेला पोरगा मला हवाच असतो, पण तू सांगितलंच नाहीस तर मला स्वप्न पडणार आहे का? मधल्या सहा वर्षांना एक ओळ : '२०१८–२४ पूर्णवेळ स्पर्धा परीक्षा, पीएसआय शारीरिक चाचणीपर्यंत'. बस. ट्यूशन-बिशन नको. पलीकडे बसलेल्यांच्या घरातही एखादा एमपीएससीवाला असतोच.

केमिस्ट्री सोडू नकोस, तीन आठवडे दे. मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी, टायट्रेशनची गणितं हाताने सोडव. पीएच मीटर बफरने कॅलिब्रेट का करतात, एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) पंप, कॉलम, डिटेक्टर कुठे आणि कशासाठी, एवढं तोंडावर हवं. मशीन हाताळलं नाही हे सरळ सांग. फ्रेशरकडून ती अपेक्षा नसते, थापेबाजी मात्र लगेच कळते. हजारो रुपये फी आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाला कोर्स दिसला तर एकच प्रश्न विचार : मशीनवर माझा हात किती तास असेल?

क्यूसीला गर्दी असते, म्हणून प्रॉडक्शनच्या जागाही सोडू नकोस. नाइट शिफ्ट आहे, पावडर आहे, पगार सुरुवातीला बेताचाच. पण औषध निर्मितीत तीन वर्षं काढलीस की बीएस्सी केमिस्ट्रीवर एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) मान्यताप्राप्त तांत्रिक माणसाचा मार्ग मोकळा होतो, आणि मग तुझी किंमत वेगळी. गोव्याला हातात पत्र असल्याशिवाय सामान घेऊन जाऊ नकोस. खोलीभाड्यातच मरशील.

——

रिकामटेकडा :

सरकारी आकड्यांत तुम्ही आहात की नाही तेही बघा एकदा. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के, १५ ते २९ वयोगटाचा १०.२. आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही त्यात रोजगारवालाच धरतात. सोयाबीन काढायला गेला असाल तर अभिनंदन, तुम्हाला नोकरी आहे.

——

पेठेतली ताई :

रिकामटेकडा, जरा दमाने घ्या हो, पोरगं अडचणीत आहे.

दादा, मी २०१९ ला एमपीएससी सोडली. आज एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. १६० अर्ज केलेस ते एकाच रेझ्युमेने ना? मीही तेच केलं होतं. फोन नाही, मेल नाही, आपलेच अर्ज मोजत बसायचं. मला नोकरी लागली ती आमच्याच अभ्यासिकेतल्या एका मुलीमुळे. ती आधी सोडून गेली होती आणि आम्ही मागून 'हिने हार मानली' म्हणत होतो. तिला फोन करायला मला चार महिने लागले. नंबर होता, शब्द नव्हते. तिने उचलला आणि म्हणाली, "अगं, उद्याच ये, इथे एक जागा रिकामी होतेय."

तू तुझ्या अभ्यासिकेतून बाहेर पडलेल्यांची नावं काढ. वीस-तीस तरी निघतील. कुणी विम्यात असेल, कुणी पतसंस्थेत, कुणी कंपनीत. 'नोकरी दे' म्हणू नकोस. तुमच्याकडे भरती कोण बघतं आणि जाहिरात कुठे येते, एवढंच विचार. आणि घरी सांगितलंयस का, की फॉर्म भरणं थांबवलंय? मी वर्षभर सांगितलं नव्हतं. दर रविवारी आई विचारायची, पेपर कधी आहे.

——

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. रिकामटेकडा, हसू आलं. सोयाबीन काढायला खरंच गेलो होतो.

ताई, घरी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. वडील म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. यादी काढली, २३ नावं निघाली. नऊ जणांना फोन केले. दोघांनी उचलले नाहीत, एकाने तासभर स्वतःचंच रडगाणं गायलं. पण एक जण दौंडजवळ कुरकुंभ एमआयडीसीत प्रॉडक्शनमध्ये निघाला! त्यांच्याकडे येत्या रविवारी वॉक-इन आहे.

पिपेट दादा, रेझ्युमे बदलला. १४ गावं, ३१२ घरकुलं. लिहिताना माझं मलाच नवल वाटलं. टायट्रेशनची गणितं रोज दहा सोडवतोय. एकच शंका : पगाराची अपेक्षा विचारली तर आकडा सांगू की 'तुमच्या नियमाने' म्हणू? आणि दौंडला पहाटे उतरलो तर तिथून गेटपर्यंत काही मिळतं का?

——

पिपेट :

आधी त्यांना सांगू दे. फारच मागे लागले तर मित्राला ट्रेनी म्हणून काय मिळालं होतं ते विचारून ठेव, तोच आकडा. दौंडहून शेअर रिक्षा मिळेल. मार्कशीटच्या झेरॉक्सचे दोन सेट, चार फोटो, ओरिजिनल वेगळ्या पिशवीत. आणि डबा ने, रांग दुपारपर्यंत हलत नाही.